साहेबांचं पोतं

दिल्लीच्या द्वारकेतल्या ‘कृष्णा-कोयना’ सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, लिफ्टच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. बिल्डरने नकाशात तिला काही नाव दिलं नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांची झाली. कुणाची मोडकी सायकल, मागच्या गणपतीचं मखर, हरिदास माळ्याची फावडी आणि लॉनसाठी आणलेल्या दाणेदार खताची पोती असा संसार तिथे सुखाने नांदत होता. मग श्रीरंग वेलणकर निवृत्त झाले आणि खोलीला शिस्त लागली.

वेलणकरांनी सगळी नोकरी केंद्र सरकारात काढली होती. राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, पण पाय कायम फिरतीवर. देशभरातल्या खतांच्या गोदामांची तपासणी करायची, हे त्यांचं काम. खत कोरडं आहे का, सुटं आहे का, की त्याचे गोळे झालेत, हे बघून शेरा मारायचा. या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस दिल्लीत दुसरा नसेल. अडचण एवढीच होती की निवृत्तीनंतर हा विषय ऐकून घेणारं माणूस मिळणं कठीण झालं. मुलगा-सून नोएडाला ऑफिसात जात, रात्री दमून येत. पत्नी विजयालक्ष्मीबाईंनी तर हा विषय लग्नानंतर पहिल्या वर्षातच ऐकून संपवला होता.

राहता राहिली नात, उत्तरा. एकदा जेवताना तिने मिठाची बाटली उपडी करून जोरजोरात आपटली.

“आबा, यार, हे नमक बाहेरच येत नाही!”

आबांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की विजयालक्ष्मीबाई आमटीचं पातेलं घेऊन लगेच आत गेल्या.

तिथून रविवारची शाळा सुरू झाली. आधी उत्तरा एकटी. मग तिची मैत्रीण इनायत मुजावर आली, दुसऱ्या मजल्यावरचा समर्थ आला, आणि बघता बघता बेसमेंटमधली खोली भरून जायला लागली. आबा फक्त खताबद्दल बोलत नसत. दव कुठून येतं, गूळ का पाझरतो, चष्म्यावर वाफ का धरते, सगळं चाले. पण गाडी फिरून फिरून खताच्या पोत्याशी येऊन थांबे.

“दाणा हवेतलं पाणी पितो,” आबा सांगत. तळहातावर चार-पाच तपकिरी दाणे असत, साबुदाण्याएवढे. “दिल्लीत पावसाळ्यात हवा दमट होते ना–”

“दमट म्हणजे?” समर्थने विचारलं.

“चिपचिपी,” उत्तराने भाषांतर केलं.

“बिल्कुल. अशा हवेत दाण्याच्या अंगावर पाण्याचा पातळसा थर धरतो. त्या थरात दाण्याचंच थोडं खत विरघळतं. मग एखादा दिवस कडक ऊन पडतं, हवा कोरडी होते, पाणी उडून जातं. पण विरघळलेलं खत कुठे जाईल?”

“तिथेच वाळेल,” इनायत म्हणाली.

“शाबास! तिथेच वाळेल, पण शेजारच्या दाण्याला धरून. म्हणजे दोन दाण्यांमध्ये छोटासा पूल तयार झाला. असे हजारो पूल झाले, वर आणखी पोत्यांचं वजन पडलं, की पोत्याचा दगड होतो. मग ते खत पसरायचं कसं?”

मागच्या वर्षी ते कसं पसरलं होतं, हे मुलांनी पाहिलं होतं. हरिदासने हातोड्याने गोळे फोडले होते, मोठे तुकडे जिथे पडले तिथलं गवत जळून लॉनवर तांबडे डाग उमटले होते, आणि सोसायटीचे सेक्रेटरी हरीश नाडकर्णी त्या डागांचे फोटो ग्रुपवर टाकून आठवडाभर ‘हे कोणी केलं’ असं विचारत होते.

म्हणून आबांनी मुलांना पाच नियम पाठ करून घेतले होते. पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायचं. भिंतीला टेकवायचं नाही. उंच थप्पी लावायची नाही. चिपचिप्या दिवसांत खिडकी उघडायची नाही. आणि पोतं कामाशिवाय उघडायचं नाही. मुलं हे पाढ्यासारखं एका सुरात म्हणत, आणि ते संपलं की आबा समाधानाने मान हलवून पोतं उघडत.

त्याला त्यांचा इलाज नव्हता. हात घालून बघितल्याशिवाय खत चांगलं आहे असं म्हणायचं, ही त्यांच्या दृष्टीने निव्वळ बेजबाबदारी होती. नोकरीभर त्यांनी न बघता कशावर सही केली नव्हती. शिवाय त्यांचं ते उघडणंही बघण्यासारखं असे. पोत्याच्या तोंडाच्या शिवणीचं नेमकं टोक शोधून ते अशी ओढ घेत की सगळा टाका सर्रकन सुटून येई. मुलं टाळ्या वाजवत. मग आतली प्लॅस्टिकची पिशवी मोकळी करायची, प्रत्येक मुलाने कोपरापर्यंत हात घालायचा, दाणे बोटांतून कसे सुळसुळ जातात ते बघायचं, आणि शेवटी आबांनी सुतळीने पोत्याचं तोंड बांधायचं. गाठ इतकी देखणी की सोडवताना वाईट वाटावं.

जून असा छान गेला. जुलैत हरीश नाडकर्णी बेसमेंटमध्ये उतरले.

नाडकर्णी मूळचे अलिबागचे, पण जन्म आणि नोकरी दोन्ही दिल्लीत. एका मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते आणि मंत्रालय गेलं तरी फायली हाताळायची हौस गेली नव्हती. सध्या त्यांच्यापुढे पार्सलांचा प्रश्न होता. दिवसभर डिलिव्हरीवाले येत आणि गेटवर खोक्यांचा ढीग होई. त्यात कुत्री तोंड घालत, पावसात खोकी भिजत.

“वेलणकरसाहेब, मला ही खोली पाहिजे पार्सलांसाठी,” ते दारातूनच म्हणाले. “अच्छी-खासी जागा आहे, आणि तुम्ही इथे दगड साठवताय.”

“दगड मागच्या वर्षी होते. तेव्हा खोली माझ्याकडे नव्हती,” वेलणकर म्हणाले. “या वर्षी एक दाणा दुसऱ्याला चिकटणार नाही.”

“आणि चिकटला तर?”

“तर खोली तुमची. रविवारची शाळाही बंद.”

हे बोलून गेल्यावर त्यांना मागे फिरून मुलांकडे बघवेना. या घरात, या शहरात, दर रविवारी सकाळी त्यांची वाट बघणारी माणसं फक्त एवढीच होती. सोसायटीत दुसरी जागा नव्हती. क्लब हाउसमध्ये योगासनं चालत, आणि लॉनवर मुलांनी बसायचं नाही हा तर नाडकर्ण्यांचा आवडता नियम होता.

“ठरलं,” नाडकर्णी म्हणाले. “पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर पोती रिकामी करू. त्या दिवशी लॉनला खत घालायचंच आहे. दूध का दूध, पानी का पानी.”

आता प्रश्न शाळेचा होता, त्यामुळे वेलणकर जिद्दीला पेटले. त्यांनी नवी फळ्यांची चौकट करून घेतली, खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या, पोती भिंतीपासून हातभर लांब ओढली. थप्पी लावायची नाही म्हणून प्रत्येक पोतं वेगळं ठेवलं. एका पोत्याला जागाच उरेना, तेव्हा ते कोपऱ्यात उभं केलं आणि त्यावर मुलांचा पांढरा बोर्ड टेकवला. बोर्ड रोज कोण हलवणार? म्हणून ते पोतं तेवढं तपासणीतून सुटलं. वेलणकरांना त्याची रुखरुख लागून राहिली.

“ते एक काही खरं नाही,” ते जेवताना म्हणाले. “त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही.”

“बाकीच्यांकडे फार लक्ष आहे तुमचं,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. “आधी रविवारी बघत होता. हल्ली रोज सकाळी फिरून आल्यावर चहाआधी खाली जाता. काल संध्याकाळीसुद्धा गेला होतात.”

“अगं, हवा किती दमट आहे बघतेस ना? अशा हवेतच तर तपासायला पाहिजे. उद्या काही झालं तर?”

“अहो, कुकर यायच्या आधी मी पातेल्यात भात करायची, तेव्हाही तुम्ही असेच झाकण काढून काढून बघायचात. तो भात आठवतोय का?”

“भाताची गोष्ट वेगळी,” वेलणकर म्हणाले आणि हात धुवायला उठले. भाताची गोष्ट वेगळी कशी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस लागून राहिला. मध्येच ऊन पडे, पुन्हा आभाळ भरे. वेलणकर रोज खाली जात, गाठी सोडत, हात घालत, गाठी बांधत. एके दिवशी दाणे बोटांना किंचित थंड आणि जड लागले. त्यांनी दुसरं पोतं उघडून पाहिलं, तिसरं पाहिलं. मग मनाला समजावलं की हात ओले असतील. आणि खात्री करायला ते दुपारी पुन्हा उघडून बघून आले. शेवटचे तीन-चार दिवस मात्र नाडकर्ण्यांनी झेंडावंदनाच्या तयारीत त्यांना इतकं अडकवलं, माइक, खुर्च्या, जिलेबीची ऑर्डर, की त्यांना बेसमेंटमध्ये उतरायला सवडच मिळाली नाही. त्या दिवसांत दिल्लीत लख्ख ऊन पडलं होतं. वेलणकरांना वाटलं, देव पावला.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि कागदी प्लेटमधून जिलेबी-समोसे वाटले गेले. सगळी सोसायटी लॉनच्या कडेला उभी राहिली. मुलं पुढे बसली होती, अर्थात लॉनच्या बाहेर. हरिदासने ढकलगाडीवर पोती वर आणली.

“पहिलं पोतं तुमच्या पसंतीचं,” नाडकर्णी मोठ्या मनाने म्हणाले.

वेलणकरांनी सगळ्यात लाडकं पोतं निवडलं. त्याची गाठ सगळ्यात देखणी होती. सुतळी सोडली, पोत्याचं तोंड खाली करून त्यांनी आणि हरिदासने ते उचललं. आधी काहीच झालं नाही. मग धप्प असा आवाज झाला आणि अख्ख्या पोत्याच्या आकाराचा एक ठोकळा गवतावर येऊन पडला. त्याच्या अंगावर पोत्याच्या घड्यासुद्धा उमटल्या होत्या.

“वा!” नाडकर्णी म्हणाले. “वेलणकरसाहेब, यावर पुतळा कुणाचा बसवायचा?”

सगळे हसले. मुलं हसली नाहीत. वेलणकरांनी दुसरं पोतं ओढलं, तिसरं ओढलं. ठोकळ्याशेजारी ठोकळा येऊन पडत गेला. इनायतने उत्तराचा हात घट्ट धरला होता.

शेवटी गाडीवर एकच पोतं राहिलं. ते बोर्डाखालचं. शिवण कारखान्यातली, तशीच. वेलणकरांना ते उघडायचंच नव्हतं. ज्यांना इतकं जपलं त्यांचं हे झालं, तर या अनाथाची काय कथा! पण हरिदासने सवयीने टाका ओढला आणि पोतं कलतं केलं.

खत नळाच्या पाण्यासारखं खाली आलं. सुळसुळत, एकमेकांवरून घरंगळत, नाडकर्ण्यांच्या बुटांपर्यंत गेलं.

मग वृंदा कर्वे पुढे झाल्या. त्या सोसायटीच्या कमिटीत होत्या आणि जन्मभर सरकारी हिशेब तपासण्याच्या खात्यात होत्या. त्यांनी ठोकळ्याला चपलेच्या टोकाने हळूच ढोसलं.

“रोज तपासणी व्हायची ना?” त्यांनी विचारलं.

“रोज,” वेलणकर म्हणाले. “शेवटचे तीन-चार दिवस तेवढे सोडून.”

“एकाच माणसाकडून? मग बरोबर आहे. कमी पडली तपासणी. शेवटचे तीन-चार दिवस तर झालीच नाही म्हणता. तेव्हाच घात झाला.”

सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. लॉनभोवती उभ्या असलेल्यांपैकी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या मंत्रालयातून आले होते. तपासणी वाढवली की काम सुधारतं, यावर त्यांची जन्माची श्रद्धा होती.

“पॉइंट आहे,” नाडकर्णीही म्हणाले. “एक उपसमिती करू. सकाळ-संध्याकाळ तपासणी, पाळीपाळीने. अध्यक्ष अर्थात वेलणकरसाहेब. मग खोलीही त्यांच्याकडेच ठेवायला लागेल. काय करणार? पार्सलांचं बघू काहीतरी.” त्यांचा स्वर जड होता, पण उपसमिती म्हटल्यावर ते पार्सलही विसरायला तयार होते.

वेलणकरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. खोली राहत होती. शाळा राहत होती. फक्त मान हलवायची होती, आणि सभेत मान हलवण्याचा त्यांना भरपूर अनुभव होता.

“पण आबा,” उत्तरा उभी राहिली, “जे उघडलं नाही तेच चांगलं राहिलंय.”

“बेटा, मोठी माणसं बोलतायत,” वृंदाताई म्हणाल्या.

“पाचवा नियम!” समर्थ खालूनच ओरडला. आणि मग सगळ्या मुलांनी, शिकवल्याप्रमाणे, एका सुरात म्हटलं: “पोतं कामाशिवाय उघडायचं नाही!”

“कोण उघडत होतं?” कुणीतरी विचारलं.

मुलं एकदम गप्प झाली. त्यांना उत्तर येत होतं. उत्तर येत असून गप्प बसलेलं पोर वेलणकरांनी वर्गात कधी चालवून घेतलं नव्हतं. आता सगळ्या वर्गाने त्यांच्याकडे बघून माना खाली घातल्या.

त्याच क्षणी वेलणकरांना गोदामं आठवली. प्रत्येक गोदामात ते एक पोतं निवडत, उघडत, हात घालत, शेरा मारत आणि संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गावाला जात. निघताना गोदामवाले ते पोतं हमखास उचलून बाजूला ठेवत. एकदा त्यांनी विचारलं होतं, तर हात जोडून उत्तर मिळालं होतं: “ये साहब का बोरा है, साहब. अलग रखते हैं.” केवढा मान, असं त्यांना वाटलं होतं. घरी येऊन त्यांनी ते विजयालक्ष्मीबाईंना कौतुकाने सांगितलंही होतं. उघडलेल्या पोत्याचं पुढे काय होतं, हे बघायला ते कधीच थांबले नव्हते. थांबून बघण्याची पाळी प्रथमच आली होती, आणि साहेबांची सगळी पोती ओळीने गवतावर पडली होती.

मान हलवावी का? नाडकर्णी वाट बघत होते. मुलंही बघत होती.

“मी उघडत होतो,” वेलणकर म्हणाले. “रोज. कधी कधी दोनदा. दर वेळी दमट हवा मीच आत सोडली आणि वरून सुंदर गाठ मारून ती आत कोंडली. आणि मी गेलो नाही त्या दिवसांत ऊन पडलं, तेव्हा ते पूल वाळून पक्के झाले. तपासणी कमी नाही पडली, वृंदाताई. तपासणीनेच हे झालं. उत्तराचं बरोबर आहे.”

“अहो, पण मग उपसमिती...” नाडकर्णी कासावीस झाले.

“उपसमितीने दिवसातून दोनदा उघडलं तर पुढच्या वर्षी आपल्याला कंपाउंडची भिंत बांधता येईल.”

मागे विजयालक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवऱ्याच्या फजितीवर हसत होत्या की आणखी कशावर, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

नाडकर्णी मात्र हरणारे नव्हते. त्यांनी सभा तिथल्या तिथे आटोपली. खतासाठी कोरडी, बंद खोली लागते, हे बोर्डाखालच्या पोत्याने सिद्ध झालं. म्हणजे खोली खतालाच ठेवायची. पण तिथे कुणी सारखं ये-जा करून दार उघडायचं नाही, हेही वेलणकरांच्याच पोत्यांनी सिद्ध झालं. म्हणजे खोलीला कुलूप. पार्सलवाले आत जाणार नाहीत, आणि शाळाही भरणार नाही.

“नियम तुमचाच आहे,” ते म्हणाले. “आम्ही फक्त लागू करतोय.”

निकाल असा लागला की नाडकर्ण्यांना खोली मिळाली नाही, वेलणकरांना मिळाली नाही, मुलांना मिळाली नाही. ती खताला मिळाली. दोनच दिवसांत नवी पोती आली, फळ्यांवर बसली, आणि दाराला कुलूप लागलं. अनुभवी माणूस म्हणून किल्ली वेलणकरांकडे देण्यात आली.

पुढच्या रविवारी वेलणकर नेहमीच्या वेळी खाली गेले. सवयीने. कुणी येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. बेसमेंटच्या पायऱ्यांवर, खालपासून वरपर्यंत, पोरं बसली होती. समर्थने पांढरा बोर्ड कठड्याला टेकवून धरला होता, आणि वरच्या पायरीवर एका खतठोकळ्याचा तुकडा ठेवला होता.

“पायऱ्यांवर बसायचं नाही असा नियम आहे का?” वेलणकरांनी विचारलं.

“अजून नाही,” इनायत म्हणाली. “नाडकर्णीअंकल अजून उठलेच नाहीत.”

तास सुरू झाला. आबांनी भिंग काढलं आणि ठोकळ्यातले पूल मुलांना एकेक करून दाखवले. असे ठसठशीत पूल त्यांना नोकरीभरात बघायला मिळाले नव्हते. चांगल्या खतात दाखवण्यासारखं खरं तर काहीच नसतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

तास संपता संपता वरच्या उघड्या जागेतून पावसाची सर आली. हवा एकदम जड झाली. वेलणकर बोलता बोलता थांबले आणि त्यांनी कुलपाकडे बघितलं.

“आत ठीक असेल ना सगळं?” ते स्वतःशीच पुटपुटले. “फळ्या सरकल्या असतील एखाद्या वेळेस. खिडकी... नुसतं दार किलकिलं करून...” त्यांचा हात खिशात गेला होता.

सगळ्या पायऱ्या त्यांच्याकडे बघत होत्या.

उत्तराने तळहात पुढे केला. वेलणकरांनी जरा वेळ किल्ली मुठीत धरून ठेवली, मग तिच्या हातावर ठेवली.

“लॉनला खत कधी घालायचं आहे?” तिने वर्गशिक्षिकेच्या आवाजात विचारलं.

“ऑक्टोबरमध्ये.”

“मग ऑक्टोबरमध्ये या,” ती म्हणाली, आणि किल्ली गळ्यातल्या दोरीत ओवून फ्रॉकच्या आत टाकली.